पाच अंगठ्यांचा हापूस

"मॅडम, मी काय एक केलं नाय हो, आपोआप झालं."

रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस मावळलेला नाही. आपोआप काय काय होतं बघा. मासळीच्या एका व्यापाऱ्याच्या सीपीयूचा पंखा आपोआप बंद पडला. उघडला तर आत सुक्या कोलंबीची सालं निघाली. एका वकिलांचा प्रिंटर पुन्हा पुन्हा आपोआप मरायचा. दर वेळी त्यांच्या सौभाग्यवतींनी मिक्सर लावायला त्याची पिन काढलेली असायची. एका शाळेच्या कॉम्प्युटरचा माऊस आपोआप उलटा चालायला लागला होता, कारण गुरुजींनी तो उलटा धरला होता. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. घरच्यांनी एक दिवस माझ्या खुर्चीत बसून दाखवावं.

तरीपण बिघडलेल्या यंत्राचा मला राग येत नाही. यंत्र खोटं बोलत नाही. कुठलातरी एक तुकडा गेलेला असतो, तो शोधायचा, बदलायचा, की झालं. माझ्या सगळ्या धंद्यात मी सर्वांत जास्त फेऱ्या ज्या कामासाठी मारल्या, त्यात मात्र बिघडलेलं काहीच नव्हतं. म्हणूनच त्या कामानं माझं डोकं फिरवलं आणि अजून ते पुरतं जागेवर आलेलं नाही.

काम आणलं दाजींनी. दाजी म्हणजे जयगडच्या वाटेवरच्या एका गावातल्या आंबा बागायतदारांच्या गटाचे अध्यक्ष. गोरे, उंच, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. दुकानात आले, खुर्ची ओढली आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"हे बगा मॅडम. भाच्यानं धाडलान पुण्यासून. पेटीवर एक चौकट छापायची. गिऱ्हाइकानं तिच्यावर मोबाईल धरलान की त्याला कळतंय, पेटी कुठल्या बागेतली, कधी उतरवलेली. कोणाला खोटी करता येत नाय. आनि मेन म्हंजे फुकट हाय."

फुकट हा शब्द ऐकला की मी आधी सावध होते. दाजी म्हणत होते ते ब्लॉकचेनवर टोकनं बनवायचं एक खुलं साधन होतं. खुलं म्हणजे ते कोणाच्या मालकीचं नाही. त्याची सगळी घडण उघडी ठेवलेली असते. कोणीही घ्यावं, हवं तसं बदलावं, वापरावं. पैसे पडत नाहीत हे खरं. पण अडलं तर फोन करायला कंपनी नसते, कंपनीचा माणूस नसतो, कोणावर डाफरावं तर तीही सोय नसते. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं विचारून चालत नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावांत एखादी गोष्ट देवळात, सगळ्या गावकऱ्यांसमोर बोलली की ती बोलली. उद्या तुम्ही नाही म्हणालात तरी ऐकणारे पन्नास जण आहेत. ब्लॉकचेन म्हणजे तेच, फक्त ऐकणारे पन्नासांऐवजी जगभरचे हजारो कॉम्प्युटर. तिथं सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि कोणालाच, अगदी सांगणाऱ्यालाही, मागं घेता येत नाही. टोकन म्हणजे अशा प्रकारे सांगून ठेवलेली एक गोष्ट: 'ही पेटी अमुक बागेतली आहे.' परगावचा आंबा आमच्या पेट्यांत बसून बिनदिक्कत रत्नागिरी हापूस होतो, तेव्हा अशा साक्षीदारांचा उपयोग आहे, हे मलाही पटलं.

तरी मी नाहीच म्हणणार होते. मला हो म्हणायला लावलं ते सलमाभाबींनी.

सलमाभाबींची बाग त्याच गावात, समुद्राच्या अंगाच्या कातळावर. सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, डोक्यावरून माती वाहिली, तेव्हा ती कलमं उभी राहिली. नवरा मस्कतला एका मोठ्या दुकानात कामाला. इथं मोहोर राखणं, फवारणी, गवत काढणं, वानरं हाकणं, सगळं भाबींच्या अंगावर. पण मोहोर आला की दर वर्षी एक व्यापारी यायचा, अख्खी बाग कराराने घ्यायचा, आणि मग त्या बागेतला आंबा कुठं गेला, कोणी खाल्ला, हे भाबींना कधी कळायचं नाही. या वर्षी नवऱ्याच्या दुकानाचा मालक म्हणाला होता, मी थेट माल घेतो. पण हा खरोखर रत्नागिरीचा आहे हे गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या उभ्या दाखवता आलं पाहिजे. त्या भरवशावर भाबींनी व्यापाऱ्याला पहिल्यांदाच नाही म्हणून सांगितलं होतं.

"मॅडम, तुमचं ह्ये चाललं तं माजा आंबा मस्कतला जाईल," त्या म्हणाल्या. "नाय चाललं तं मना परत त्याच्याच दारात जावं लागंल. आनि आता तो मना चांगलाच वळखून हाय."

एवढं ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? मी काम घेतलं.

पुढचे काही आठवडे मी माणसांत नव्हते. साधनाबरोबर एक माहितीपत्रक येतं, त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं की हे अगदी सोपं आहे. ते बसवायला आधी दुसरं एक साधन लागतं. ते दुसरं बसवायला तिसरं. तिसऱ्याची नवी आवृत्ती आली की पहिलं तिला ओळखत नाही. माहितीपत्रकातली चित्रं ज्या बटणांची, ती बटणं कोणीतरी केव्हाच काढून टाकलेली. वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळावर मी सविस्तर प्रश्न टाकला, तर जगाच्या कुठल्यातरी टोकावरून एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं: माझ्याकडे चालतंय. बरं झालं बाबा, तुझ्याकडे चालतंय.

गटाचं ऑफिस म्हणजे आंब्याच्या शेडचा एक कोपरा. तिथं मोबाईलला रेंज नाही. रेंज वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. तेव्हा लॅपटॉप घेऊन मी सड्यावर बसायची आणि दाजी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. अशा साधनांचा आधी खोट्या नाण्यांवर सराव करायचा असतो. ती नाणी वाटणारी एक जागा असते, तिला नळ म्हणतात. मागितली की ती ठिबक ठिबक येतात, कधी येतही नाहीत. दाजी दर दहा मिनिटांनी विचारायचे, "आलं काय पानी?" त्यांना वाटायचं विनोद होतोय. अखेर सरावाचं पहिलं, आंब्याचं चित्र असलेलं टोकन तयार झालं आणि ते मी गटाला दाखवलं, तेव्हा मोहल्ल्यातले इब्राहिमचाचा, आयुष्यभर जहाजावर काढलेला माणूस, बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "छान हाय. पन कापायचा कुठून?"

आता खरी गोष्ट.

टोकन कोणीही उठून बनवू नये म्हणून साधनात कुलपं असतात. गटातल्या पाच जणांच्या मोबाईलमध्ये एकेक चावी ठेवायची. सलमाभाबींच्या पेट्यांची टोकनं करायची असली की पाच जणांना आपापल्या फोनवर सूचना जाते, ते अंगठा लावून मान्यता देतात. पाचांतल्या कितींचे अंगठे लागले की काम व्हावं, हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं. जगात सगळीकडे शहाणी माणसं पाचांतले तीन ठेवतात. एखादा आजारी पडतो, एखाद्याचा फोन विहिरीत पडतो. मी तीन सुचवले.

दाजी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवीची मूर्ती बदला म्हणाले होते.

"मॅडम, आमच्या देवीची रुपी, म्हंजे चांदीचे मुखवटे, ज्या पेटाऱ्यात ऱ्हातात त्याला पाच कुलपं हायत. पाच घरांत पाच चाव्या. पाच मानकरी एका जागी आल्याशिवाय शिमग्याला पेटारा उगडत नाय. आज्या-पणज्यापासून असंच चाललंय. आजपातूर त्यातला चांदीचा एक मणी तरी गेलाय काय?"

"आणि एखादा मानकरी आलाच नाही तर?"

सगळे हसले. "यनार नाय म्हंजे?" दाजी म्हणाले. "मान हाय त्याचा!"

मी पुन्हा सांगितलं, समजावून सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. पाचांतले पाच ठेवले आणि उद्या एक जण अडला तर सगळं अडेल. पाचाचे तीन करायचे म्हटलं तरी आधी पाचांची मान्यता लागेल. मी, बसवणारी, मलासुद्धा काही करता येणार नाही. ते सगळे मान डोलवत होते आणि मला वाटलं पटलं. मग दाजी म्हणाले, "बरोबर बोल्लाव. असंच पायजे. पाच घाला."

मी पाच घातले. ब्लॉकचेनवरचा गटाचा पत्ता ठरला, त्याची चौकट छापलेल्या पेट्या आल्या, तो पत्ता मस्कतच्या दुकानाला कळवला गेला.

उद्घाटन झालं. शेडला आंब्याच्या पानांचं तोरण, खुर्च्या, बटाटेवडे. पाच चावीवाल्यांत सर्वांत वडीलधारे नाना. नानांच्या घराला गावात पहिला मान. शिमग्याला पालखी पहिली त्यांच्या अंगणात नाचते, देवळात नारळ पहिला त्यांच्या हातून चढतो. नाना त्या दिवशी कडक इस्त्रीची टोपी घालून आले होते. नारळ फोडायची वेळ झाली, तेव्हा तालुक्याहून आलेले एक साहेब पुढे बसले होते. दाजींनी नारळ साहेबांच्या हातात दिला. नाना उठून दोन पावलं पुढे आले होते. त्यांचा हातही अर्धा पुढे आला होता, तो त्यांनी तसाच टोपीकडे नेला आणि टोपी सारखी केली. हे मी डोळ्यांनी बघितलं. पण मी तेव्हा प्रोजेक्टरची वायर शोधत होते आणि मला त्यात विशेष काही वाटलं नाही. नाना बसले, वडा खाल्ला, चहा घेतला आणि घरी गेले.

कातळावरच्या बागा लवकर येतात. गटात पहिला आंबा उतरला तो सलमाभाबींचा. झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीनं, एकेक फळ देठासकट काढलेलं, डाग नाही, चीक नाही. पेट्या भरल्या, मस्कतच्या मालाची गाडी ठरली. टोकन झाल्याशिवाय पेटी गाडीत चढवायची नाही, असं दुकानानं बजावलं होतं. भाबींच्या पेट्यांच्या टोकनांची सूचना मी पाच फोनांवर पाठवली. इब्राहिमचाचांचा अंगठा लगेच आला. दाजींचा आला, आणखी दोघांचा आला. नानांचा येईना.

मी त्यांच्या घरच्या तारेच्या फोनवर फोन केला. नाना म्हणाले, "चार्जिंग व्हत नाय ओ."

मी स्कूटर काढली, आरे-वारेच्या वळणांवरून ऊन खात गेले, नवा चार्जर लावून दिला. नानांनी आभार मानले, शहाळं दिलं. अंगठा आला नाही. पुन्हा फोन. "अंगठा घेत नाय मोबाईल." हे खरं वाटण्यासारखं होतं. बागेत काम करणाऱ्यांच्या बोटांना चीक लागून लागून रेषाच उरत नाहीत. पुन्हा गेले. दुसरा अंगठा नोंदवला, तर्जनी नोंदवली, करंगळीसुद्धा नोंदवली. तिन्ही चालत होती. माझ्यासमोर चालत होती. मी रत्नागिरीत पोचेपर्यंत फोन आला: "आता रेंज नाय."

तिसऱ्यांदा गेले आणि नानांना घेऊन सड्यावर चढले. वाटेत त्यांनी मला काजूची झाडं दाखवली, एका दगडाची गोष्ट सांगितली, गुडघ्याला कुठला पाला बांधावा ते सांगितलं. वर पोचलो. रेंज पुरेपूर. मी म्हटलं, नाना, लावा अंगठा. नानांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, "आयला, चष्मा घरी ऱ्हायला."

मी तरीही काय करत होते, तर फोनमध्ये दोष शोधत होते. शिकलेलं शहाणपण ते हेच. माणूस म्हणाला चालत नाही, की आम्ही वायर बघतो, बॅटरी बघतो, आवृत्ती बघतो. माणसाकडे कोणी बघत नाही. खाली आल्यावर नानांच्या सुनेनं मला आमसुलाचं सरबत आणून दिलं, नाना मागीलदारी गेल्याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, उगाच हेलपाटे घालू नका. मोबाईलला कायपन झाल्यालं नाय. नानांना झालंय."

"काय झालंय?"

"त्या दिवशी नारळ सायबाला दिलानी ना."

सरबताचा पेला मी अक्षरशः आपटला. माझा चार्जर, माझं पेट्रोल, माझं डोकं, त्या उन्हातल्या चढण्या! एका नारळासाठी! तशीच तडक दाजींकडे गेले. म्हटलं, पानसुपारी घेऊन नानांच्या दारात जा, एक नारळ द्या, दोन शब्द बोला आणि मोकळे व्हा. तुमच्या गावची रीत मी तुम्हाला सांगू?

दाजींचा चेहरा कडक झाला. "मॅडम, हा काय शिमगा हाय? ह्यं टेक्नॉलॉजीचं काम. ह्यात मान कसला?"

"पाच कुलपं तुम्हीच घालायला लावलीत ना देवळासारखी?"

"कुलपं वेगळी नि मान वेगळा. आनि मी अध्यक्ष हाय. मी त्याच्या दारात जायाचं?"

देवळातून कुलपं तेवढी उचलून आणायची आणि ती उघडणाऱ्या माणसांचा मान देवळात ठेवून यायचं. हे या जगात दुसरीकडे कुठं घडलं असतं मला माहीत नाही.

इकडे आंबा थांबत नव्हता. गाडीला आणखी एक दिवस थांबवलं होतं, त्याहून जास्त ती थांबणार नव्हती. भाबींच्या शेडमध्ये पेंढ्यावर हिरव्या फळांना पिवळी झाक यायला लागली होती आणि वास दारापर्यंत येत होता. एरवी त्या वासानं माणूस सुखावतो. भाबी तो वास आला की दार ओढून घ्यायच्या. बागेबाहेर रस्त्याला त्या व्यापाऱ्याचा टेम्पो रोज येऊन उभा राहायचा. तो आत येत नव्हता, काही बोलत नव्हता. ड्रायव्हरला पाठवून फक्त प्यायला पाणी मागायचा.

"मॅडम," भाबी मला म्हणाल्या, "तुमच्याकडं एक चावी आसंलच ना? बनवनाऱ्याकडं आसतेच."

नव्हती. बनवणाऱ्याकडेही नसते, हाच या साधनाचा गुण. एरवी हे वाक्य मी फुशारकीनं सांगते. त्या दिवशी ते सांगताना मला त्या साधनाची, माझ्या शिक्षणाची आणि त्या नारळाची सारखीच चीड आली. नवा पत्ता बनवावा, तर पेट्यांवर जुना छापलेला, दुकानाला जुना कळवलेला.

भाबींनी डोक्यावर ओढणी घेतली, ताटात पानं, सुपारी, एक सोललेला नारळ ठेवला आणि म्हणाल्या, चला. देवळाच्या मानपानाशी त्यांचा सुतराम संबंध नव्हता. भर दुपारी ते ताट घेऊन त्या नानांच्या अंगणात उभ्या राहिल्या आणि नाना झोपाळ्यावरून गडबडीनं उठले.

"गो सलमा, तू कशाला आयलीस? तुजा नि माजा काय वाद हाय?"

"वाद नाय ना नाना? मग अंगठा लावा. माजा आंबा पिकतोय."

 नानांनी खिशातून मोबाईल काढला. पूर्ण चार्ज केलेला, रेंजशिवायही सूचना उघडून ठेवलेला, काच स्वच्छ. तो माझ्यापुढं धरून म्हणाले, "मॅडम, लावतो. पन ह्यात बगा. चौघांची नावं वर, माजं पाचवं यनार. ह्ये सगळ्या जगाला दिसनार ना? तुमीच बोल्लाव, एकदा लिवलं का पुसता येत नाय. आमच्या घराचं नाव पाचवं, ह्ये कायमचं?"

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मी त्या गावात घसा फोडून सांगितलं होतं. पाचांतल्या एकट्या नानांना ते पुरतं समजलं होतं. माझ्या नशिबाला आणखी काय म्हणू?

उपाय एकच होता. आधीची सूचना रद्द करायची, नवी करायची, पहिला अंगठा नानांचा घ्यायचा आणि मग बाकीच्या चौघांचे पुन्हा. मी नानांना घेऊन पुन्हा सडा चढले. या वेळी त्यांनी ना काजू दाखवले ना दगड. वर गेल्या गेल्या अंगठा लावला, पहिल्याच फटक्यात लागला, आणि ते लहान मुलासारखे हसले. इब्राहिमचाचांचा अंगठा नमाज संपताच आला. एक जण लग्नाला खेडला गेला होता, त्यानं मांडवातून लावला. चौथ्यानंही लावला. राहिले दाजी.

दाजींना कळलं की आधीचं रद्द केलंय आणि आता नानांचं नाव पहिलं आहे. फोनवर म्हणाले, "बगतो."

मी विचारलं, बघतो म्हणजे काय? म्हणाले, "बगतो म्हंजे बगतो. अध्यक्षाला न इचारता तुमी रद्द क्येलंत कसं?" त्यानंतर मी त्यांना जे बोलले ते छापलं तर हा अंक घरात ठेवता येणार नाही. फोन त्यांनी ठेवला. मी सड्यावर एकटी उभी होते आणि मला चक्क रडू आलं, रागानं. भाबींचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा दाजींचा अंगठा आला. बायकोनं झापलं म्हणून आला, असं नंतर कळलं. अंगठा लागला आणि एकामागून एक सगळ्या पेट्यांची टोकनं तयार झाली. एकही चूक नाही. इतक्या दिवसांनी ते हट्टी साधन माझ्या हाताखाली पाण्यासारखं चाललं. भाबींच्या अंगणात रेंज नाही, म्हणून सांगायला मी स्कूटरवरून सुटले.

शेड रिकामी होती. दोन बायका पेंढा गोळा करत होत्या. मस्कतच्या मालाची गाडी पहाटेच निघून गेली होती आणि उजाडल्यावर भाबींनी स्वतः जाऊन रस्त्यावरच्या टेम्पोला आत बोलावलं होतं. काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चौकट छापलेल्या पेट्या व्यापाऱ्याला नको होत्या. त्या कोपऱ्यात रिकाम्या रचून ठेवल्या होत्या आणि आंबा त्याच्या क्रेटांतून गेला होता.

मी ओट्यावर बसले. "टोकनं झाली भाबी," एवढंच म्हटलं.

"आता ती काडून टाकनार?"

"काढता येत नाहीत."

"म्हंजे आंबा नाय, नि कागद हाय." त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "दाखवा तरी, एवढं काय बनवलंत."

पान माझ्या फोनमध्ये उघडून ठेवलेलं होतं. भाबींनी फोन हातात घेतला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली. पहिलं नाव नानांचं. मग इब्राहिमचाचांचं, मग दोघांची, शेवटी दाजींचं. बागेचा मालक म्हणून त्यांच्या सासऱ्यांचं नाव. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर, आणि आम्ही सातबाऱ्यावरून भरलं होतं. भाबींचं बोट पान खाली सरकवत राहिलं. पुढं काही नव्हतं.

"माजं नाव कुठं हाय?"

नव्हतं. कोणाचं नाव पहिलं, कोणाचं पाचवं, यावर अख्खं गाव अडून बसलं. पाचांतल्या कोणाला, त्या साहेबांना, मला, ते नाव घालायचं सुचलं नव्हतं. बाग कोण राखतं, यासाठी त्यात रकानाच नव्हता. मी तसं सांगितलं. सांगताना माझीच मला शरम वाटली.

भाबींनी मान हलवली. "त्या व्यापाऱ्याला वाटेत कोनी इचारलं ना मॅडम, माल कुठला, तं तो बोलंल, सलमाभाबीच्या बागेतला. दर साली बोलतो." त्यांनी ओढणीच्या टोकानं माझ्या फोनची काच पुसली आणि फोन मला परत दिला. "पुढल्या साली मोहोर आला का बाग त्यालाच देनार मी."